हाल्बेराच्या नाकापायी

हाल्बेरा शिंकायला लागली की दरीतल्या ग्रेनिहोल शेतवाडीच्या पडवीतली कुत्री उठून घरामागे जायची. ही कुत्री एडक्यांना भीत नव्हती, ट्रॅक्टरला भीत नव्हती, नववर्षाच्या फटाक्यांत तर घोरायची. पण हाल्बेराची शिंक तिच्या तत्त्वात बसत नव्हती. एक आली की मागून रांग लागायची, आणि रांग संपली की हाल्बेरा डोळे पुसून, लालबुंद नाकाने, शांतपणे म्हणायची, "हं, तर काय सांगत होते मी?" तोवर समोरच्याला घरची कामं आठवलेली असायची.

हे दर हिवाळ्यात. उन्हाळ्यात बाईचं नाक कुणाच्याही नाकासारखं. मेंढ्या डोंगरावरून उतरून गोठ्यात आल्या की नाक बिघडायचं, आणि वसंतात मेंढ्या पुन्हा बाहेर पडेपर्यंत ते वाहत राहायचं. रात्री तोंड उघडं टाकून श्वास घ्यायचा, सकाळी घसा सुका आणि डोकं दगडाचं. चर्चच्या गायनमंडळात ती खालच्या पट्टीत गायची. एका अंत्यविधीला, सगळे "शांती" या शब्दावर सूर लांबवत असताना, ती शिंकली. त्या मयताचं नाव आज दरीत कुणाला आठवत नाही, शिंक आठवते.

उपाय झाले नव्हते असं नाही. गोळ्या झाल्या. गोळी घेतली की नाक थांबायचं, पण मग बाकीची हाल्बेराही थांबायची. एकदा ती उकडलेल्या बटाट्यांसमोर सुरी हातात धरून दुपारभर झोपली. मिठाचं पाणी झालं. तोटीच्या भांड्यातून एका नाकपुडीत ओतायचं आणि दुसरीतून काढायचं. तिचा नवरा सिग्वाल्दी ते बघत मोरीपाशी उभा राहायचा, रस्त्यावर गटार उपसताना माणसं उभी राहतात तसा. नाकातला फवारा झाला. दोन दिवस मारला, तिसऱ्या दिवशी गुण नाही म्हणून कपाटात गेला. नणंदेने माशाचं तेल सुचवलं, पण ते या घरात जन्मापासून सगळेच पीत होते, कुत्रीसुद्धा. शेजारचा म्हातारा कोल्बेन म्हणाला की तपकीर ओढ, सगळं सरळ होईल. कोल्बेन सर्दीवर, गुडघ्यावर आणि सरकारवर हाच उपाय सांगायचा.

शेवटी एका शरदात, मेंढ्या आत यायच्या आधी, तिने फोन केला. गावचा डॉक्टर रजेवर होता, फोनवर कुणी बदली पोरगा होता. हाल्बेरा आणि सिग्वाल्दी स्वयंपाकघरात बसून बटाटे सोलत होते, म्हणून फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला होता.

"घोडा आहे का घरी?" पोराने विचारलं.

"घोडी आहे."

"हिवाळ्यात कुठे असते?"

"मेंढ्यांच्याच गोठ्यात, कडेला."

"आणि उन्हाळ्यात?"

"डोंगरावर."

"आणि नाक?"

"नाक माझ्याबरोबर असतं."

"तसं नाही. उन्हाळ्यात बरं असतं का?"

"हो, बरं असतं."

"मग झालं तर," पोरगा म्हणाला. "घोडीच असणार. केस कपड्यांवर बसून घरात येतात. तपासणीसाठी नाव घालतो, नंबर लागायला वेळ लागेल. तोवर घोडीपासून लांब राहा. खरं सांगू का, यावर तोच एक पक्का उपाय. ज्याचा त्रास होतो ते दूर करायचं."

सिग्वाल्दीने एक बटाटा सोलता सोलता बोराएवढा केला.

घोडीचं नाव स्नेग्ला. त्या नावाचा अर्थ भांडकुदळ बाई, आणि नाव ठेवताना सिग्वाल्दीने कसलाही विनोद केला नव्हता. तिने पाद्रीबाबांना ओढ्यात पाडलं होतं, कोल्बेनच्या दंडाला चावली होती, आणि पाठीवर फक्त सिग्वाल्दीला बसू द्यायची, तेही उपकार केल्यासारखं. सिग्वाल्दी माणसांशी दिवसभरात जेवढे शब्द बोलायचा, तेवढे तो स्नेग्लाला खोगीर घालतानाच खर्च करायचा. गोठ्याची भिंत स्वयंपाकघराला लागून होती. पलीकडून त्याचं ते बोलणं येत राहायचं. शब्द कळायचे नाहीत, सूर कळायचा. आज बरा आहे, आज कंबर धरली आहे, आज हिशेब जुळत नाही, आज आईची आठवण येतेय. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याच्या मनात काय चाललंय हे हाल्बेराला असं भिंतीतून कळायचं, आणि तिला त्यात कमीपणा वाटत नव्हता. काहींच्या घरी तेवढंही येत नाही.

आता आइसलंडात एक कायदा आहे. देशाबाहेर गेलेला घोडा परत आत येत नाही. रोगराई येऊ नये म्हणून कधीकाळी केलेला, आणि कुणी मोडत नाही. माणूस परत येतो, माणसाचा पासपोर्ट हरवला तरी येतो, बायको सोडून पळालेला तर हमखास येतो. घोडा नाही. विमानाचं दार लागलं की घोडा इथल्यापुरता मेला.

ऊता नावाची एक जर्मन बाई दर उन्हाळ्यात दरीत घोडेस्वारीला यायची. तिला स्नेग्ला हवी होती. का, ते कुणाला कळलं नव्हतं. स्नेग्लाने तिलाही पाडलं होतं. सिग्वाल्दी दर वर्षी "नाही" म्हणायचा. त्या शरदात त्याने स्वतःहून तिला फोन केला.

"अरे, तपासणी तरी होऊ दे," हाल्बेरा म्हणाली.

"तू हिवाळाभर झोपत नाहीस."

"मग कोल्बेनकडे ठेव. खालच्या वाडीवर ठेव कुणाकडे."

"दरीत ठेवली तर मी रोज जाणार," सिग्वाल्दी म्हणाला. "आणि केस अंगावर घेऊन येणार. मला जाता येत नाही अशाच ठिकाणी गेली पाहिजे." हे वाक्य त्याच्या मानाने भाषण होतं, म्हणून नंतर तो दोन दिवस गप्प होता.

हाल्बेराने आणखी एकदा "थांब" म्हणायला हवं होतं. तिला ते त्याच वेळी कळत होतं. पण आधीच्या हिवाळ्यात एकदा, दोन शिंकांमधल्या मोकळ्या जागेत, तीच म्हणाली होती, "या घरात एकाच्याच नाकाची चिंता असते, आणि ते घोडीचं." शिवाय पुढचा हिवाळा नुसता आठवूनच ती दमली होती. झोप न झालेलं माणूस फार थोर राहू शकत नाही. ती थांब म्हणाली नाही.

गाडी आली त्या दिवशी स्नेग्ला चढेना. ड्रायव्हरने ओढलं, ढकललं, गोड बोलला, मग वाईट बोलला. शेवटी सिग्वाल्दी स्वतः त्या गाडीच्या डब्यात गेला आणि आत उपड्या बादलीवर बसून राहिला. थोड्या वेळाने घोडी आपली आपण चढली आणि त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. तिथे काय बोलणं झालं ते हाल्बेराला ऐकू आलं नाही. ती लांब, वाळत घातलेल्या कपड्यांपाशी, नाकाला मफलर गुंडाळून उभी होती, उपाय म्हणून. पुढच्या छोट्या दाराने सिग्वाल्दी उतरला. ड्रायव्हरने मागचं दार लावलं. जाळीतून स्नेग्लाचे कान दिसत होते, एकदा इकडे, एकदा तिकडे. मग गाडी वळली.

सिग्वाल्दी जन्मात विमानात बसला नव्हता. "आमच्या घरातली पहिलीच परदेशी गेली," तो कोल्बेनला म्हणाला, आणि कोल्बेन हसला नाही, म्हणजे बघा.

त्यानंतर काही दिवस, थंडी पडली तरी, हाल्बेराचं नाक अगदी शहाण्यासारखं वागलं. ती रात्रभर झोपली. तोंड मिटून झोपली. सकाळी सिग्वाल्दी म्हणाला, "म्हणजे घोडीच होती." तो हे अशा आवाजात म्हणाला, जसा एखादा माणूस म्हणेल, की बरं झालं, कापला तो नासकाच पाय होता.

"हो," हाल्बेरा म्हणाली. "घोडीच होती."

मग मेंढ्या गोठ्यात आल्या.

पहिल्या संध्याकाळी ती गव्हाणींत गवत पसरायला गेली. ग्रेनिहोलवर अजून जुन्या पद्धतीचं सुकं गवत असायचं, माळ्यावर रचलेलं. दरीत बाकी सगळे गवताचे ओले गठ्ठे प्लास्टिकात गुंडाळून ठेवत. सिग्वाल्दी त्याला लोणचं म्हणायचा. तिने पहिला भारा सोडला, धूळ उडाली, आणि नाकाच्या मुळाशी ती ओळखीची मुंगी चालली. हाल्बेराला एकदम सगळं कळलं. तिने जवळची काळी मेंढी धरली, तिच्या लोकरीत तोंड खुपसलं आणि शिंक तिच्यात शिंकून टाकली. मेंढीने मान वळवून बघितलं. हाल्बेरा आणखी चार वेळा शिंकली.

त्या क्षणी तिने ठरवलं की सिग्वाल्दीला हे कधीही कळता कामा नये. घोडी समुद्रापार गेली ती कशासाठी, याचं एक उत्तर त्याच्यापाशी होतं. तेवढं एकच होतं. ते काढून घ्यायचं नव्हतं.

तिथून हाल्बेराचा चोरीचा धंदा सुरू झाला. कोठीत एक लांबलचक फ्रीजर होता. शिंक आली की झाकण उघडून ती आत वाकायची आणि अर्ध्या कापलेल्या कोकराच्या कानात शिंकायची. सिग्वाल्दीने ट्रॅक्टर सुरू केला की ती दिवसभराच्या साठवलेल्या शिंका एका दमात उरकायची. चर्चमध्ये ऑर्गनचा सगळ्यात खालचा सूर कधी लागतो हे तिला वाजवणाऱ्यापेक्षा आधी कळायला लागलं. फवारा लोकरीच्या टोपलीत गेला. तो फुस्स वाजायचा, म्हणून मारताना ती खोकायची, आणि सिग्वाल्दी विचारायचा, "खोकला झाला का?" "हो," ती म्हणायची. "नुसता खोकला."

तपासणीचा नंबर ऐन हिवाळ्यात लागला. चष्म्याचा नंबर काढायला जाते असं सांगून ती शहरात गेली. हेर्दिस नावाची डॉक्टर होती, तिची मुलगी शोभेल अशा वयाची. हेर्दिसने तिच्या हातावर थेंब ठेवले, प्रत्येकात सुई टोचली, आणि दोघी हाताकडे बघत बसल्या. एका ठिपक्याखाली कातडी फुगली आणि छोट्या धिरड्याएवढी झाली. बाकी सगळे सपाट.

"हा गवतातला किडा," हेर्दिस म्हणाली. "डोळ्यांना न दिसणारा. साठवलेल्या सुक्या गवतात असतो. जुन्या शेतकऱ्यांत फार सापडायचा, आता दुर्मीळच. अभिनंदन करायला हवं तुझं."

"आणि घोडा?"

"घोड्याचं काही नाही. तू घोड्यावर झोपलीस तरी चालेल."

हाल्बेरा घोड्याच्या त्या सपाट ठिपक्याकडे बघत राहिली. "पुन्हा बघ."

"बघितलं."

"ठिपके इकडचे तिकडे झाले असतील."

"बाई, मी शाईने लिहिलंय." हेर्दिसने तिचा हात टेबलावर ठेवला. "घोड्याचं काय झालंय?"

"काही नाही. आहे मजेत."

मग हेर्दिसने उपाय सांगितले. नव्या गोळ्या आहेत, त्या झोपवत नाहीत. मिठाचं पाणी चालू ठेव. फवारा चांगला, पण तो शिंक आल्यावर मारायचा नसतो. रोज, गुण येवो न येवो, आठवडे न् आठवडे, तेव्हा कुठे नाकाला पटतं. घरातल्या धुळीच्या किड्यावर जिभेखाली ठेवायची गोळी निघालीये, तीनेक वर्षं घ्यायची. तुझ्या गवतातल्या किड्याला मात्र अजून कुणी विचारत नाही. "पण तुझ्या गोठ्यातल्यासारख्या धुळीत हे सगळं अर्धंच चालतं. खरा उपाय सोपा आहे. नवऱ्याला सांग, सुकं गवत बंद करा, प्लास्टिकातलं घाला. तोवर गोठ्यात मास्क लाव. दोन हिवाळ्यांत विसरून जाशील."

"नवऱ्याला न सांगता काय करता येतं?"

"असा उपाय मला शिकवलेला नाही," हेर्दिस म्हणाली.

परतताना हाल्बेराने गाडी रस्त्याच्या कडेला लावली आणि विचार केला. मास्क लावला तर तो विचारणार. गवत बदल म्हटलं तर तो विचारणार. न विचारता गप्प राहिला तर त्याहून वाईट. शिंक थांबवता येत नाही. मग शिंकेला कारण दिलं पाहिजे. असं कारण, की जे घोडीही नाही आणि गवतही नाही. तिने गाडी वळवली ती थेट कोल्बेनच्या दारात.

"तपकीर दे," ती म्हणाली.

कोल्बेनने भक्तिभावाने शिंगाची डबी काढली. "मी म्हणत होतो ना, पोरी."

"हो. तू म्हणत होतास."

"असं मनगटाजवळ ठेव. असं. आता देवाचं नाव घे आणि ओढ."

ती इतकी शिंकली की कोल्बेनच्या भिंतीवरची दिनदर्शिका खाली आली. कोल्बेनच्या डोळ्यांत पाणी होतं. "काय नाक आहे," तो म्हणाला. "इतकी वर्षं वाया घालवलंस."

त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर हाल्बेराने सिग्वाल्दीसमोर डबी काढली, चिमूट ओढली आणि उघडपणे, ऐसपैस, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा शिंकली.

"हे कधीपासून?" सिग्वाल्दीने विचारलं.

"आजपासून."

"का?"

"कंटाळा."

त्याने डबीचं झाकण लावलं. "चष्म्याचं काय झालं?"

"नंबर तोच आहे."

दरीत बोभाटा झाला. गायनमंडळातली हाल्बेरा तपकीर ओढते. पाद्रीबाबा भेटायला आले, इकडचं तिकडचं बोलले, आणि जाताना त्यांनीही एक चिमूट घेतली. हाल्बेराचे सगळे रुमाल तपकिरी झाले. नाकाची आतून सालं निघाली. फवारा शिकवल्याप्रमाणे रोज चालू होता, पण सकाळी फवाऱ्याने जे साधायचं ते संध्याकाळी तपकीर फेडून टाकायची. आयुष्यात जेवढे उपाय केले त्यांतला नाक बिघडवणारा हा एकच, आणि नेमका तोच तिने एकही दिवस न चुकवता केला.

हे सगळं सोसता आलं असतं. पण भिंतीपलीकडून आता काही यायचं नाही. सिग्वाल्दी गोठ्यात जायचा, कामाला लागतो तेवढा वेळ लागायचा, आणि परत यायचा. बादलीचा आवाज यायचा, खराट्याचा यायचा. हाल्बेरा भांडी घासता घासता नळ बंद करून ऐकायची. मेंढ्या चघळत असायच्या. आपल्या नवऱ्याला आज कसं वाटतंय, याचा पत्ता तिला पूर्ण हिवाळाभर लागला नाही.

मेमध्ये, मेंढ्या व्यायला लागल्या होत्या आणि दोघांना बसायला वेळ नव्हता, तेव्हा ऊताचा निरोप आला. सोबत फोटो होता. सिग्वाल्दी फोन हातभर लांब धरून बघत उभा राहिला, आणि मग खाली बसला.

जर्मनीत एक बारीक माशी असते, ती इथे नसते. इथे वाढलेल्या घोड्यांच्या कातडीला तिची ओळख नसते, म्हणून तिकडे गेलेल्यांतल्या कित्येकांना ती चावली की खाज सुटते, ती थांबत नाही. कुठे माशी शिंकली असं आपण नुसतं म्हणतो. स्नेग्लाने झाडावर घासून घासून अर्धी आयाळ घालवली होती. रक्त येत होतं. ऊताने तिला नाकापासून शेपटीपर्यंत कापडाची झूल घातली होती, आणि झुलीवर काळे पांढरे पट्टे होते.

"झेब्रा केलाय तिचा," सिग्वाल्दी म्हणाला.

हाल्बेराने फोन घेतला. हिरव्यागार कुरणात एक ठेंगणा झेब्रा उभा होता. कापडाच्या भोकांतून स्नेग्लाचे डोळे बाहेर बघत होते, आणि त्यांत भांडण उरलं नव्हतं.

"पट्टे असले की माशांना नीट बसता येत नाही म्हणे," सिग्वाल्दीने वाचून दाखवलं. "ऊता विचारतेय, मलम लावू का, इंजेक्शन देऊ का, गोळ्या आहेत त्या देऊ का. घोडीला काय सोसेल ते मला ठाऊक असेल, असं तिला वाटतं." त्याने मान वर केली. "तू या बाबतीत जाणकार. काय सांगू?"

हाल्बेराच्या ओच्यात नुकतंच जन्मलेलं ओलं कोकरू होतं. ती त्याला पुसत राहिली.

"मलम रोज लावायला सांग. गुण येवो न येवो."

"गोळ्या?"

"पेंग आणतात."

"इंजेक्शन?"

"वेळ लागतो. वर्षं लागतात." आणि मग तोंडातून गेलं ते गेलंच. "खरा उपाय एकच. ज्याचा त्रास होतो त्यापासून दूर न्यायचं."

"म्हणजे इकडे."

"हो."

"ते बंद आहे."

"हो. बंद आहे."

कोकरू उभं राहायचा प्रयत्न करत होतं आणि पडत होतं. सिग्वाल्दी त्याच्याकडे बघत म्हणाला, "तुला लागू पडला ना तो उपाय?"

हाल्बेराने तोंड उघडलं, आणि "हो" च्या आधी शिंक आली. एक, मग रांग. गोठ्यात होती, हाताशी मेंढी नव्हती, ट्रॅक्टर बंद होता.

"तपकीर," ती म्हणाली.

"हो," सिग्वाल्दी म्हणाला. "तपकीर."

डबी घरात टेबलावर होती. दोघांनाही ते ठाऊक होतं.

जूनमध्ये मेंढ्या डोंगरावर गेल्या आणि सिग्वाल्दीने माळा रिकामा करायला घेतला. उरलेलं सगळं सुकं गवत त्याने खाली ओढलं, गाडीत भरून लांब ओढ्यापलीकडे नेऊन टाकलं, आणि मग पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने माळा, भिंती, गव्हाणी धुतल्या. हाल्बेराला त्याने त्या दिवसांत नणंदेकडे पाठवलं होतं, म्हणे तिला सोबत हवी. नणंदेला सोबत नको होती.

"गवत का टाकलंस?" परत आल्यावर तिने विचारलं.

"जुनं झालं होतं."

ते गेल्याच उन्हाळ्याचं होतं. तिने टेबलावरची तपकिरीची डबी कपाटात टाकली.

जुलैत गवत कापलं, आणि कोल्बेनचं यंत्र येऊन सगळ्याचे पांढऱ्या प्लास्टिकातले गठ्ठे करून गेलं. कुरणात ते रांगेने पडले होते, राक्षसाने अंडी घातल्यासारखे.

"लोणचं घातलंस की," हाल्बेरा म्हणाली.

"माणसाने काळाबरोबर चालावं," सिग्वाल्दी म्हणाला. या माणसाच्या घरात अजून बापाचा रेडिओ होता. हाल्बेराने त्याच्याकडे बघितलं, त्याने गठ्ठ्यांकडे बघितलं. विचारावंसं तिला रोज वाटलं. विचारलं आणि उत्तर आलं, तर त्यानंतर काय करायचं हे तिला माहीत नव्हतं.

सप्टेंबरात सगळी दरी डोंगरावरून मेंढ्या उतरवायला घोड्यांवरून गेली. सिग्वाल्दी चार चाकांच्या फटफटीवरून गेला. "बरी आहे," आल्यावर तो म्हणाला. "वाद घालत नाही."

नोव्हेंबरात मेंढ्या आत आल्या. पहिला गठ्ठा गोठ्याच्या दारात आणून सिग्वाल्दीने सुरीने प्लास्टिक फाडलं. आंबूस, ओलसर वास सुटला. मेंढ्यांनी माना लांब केल्या.

"जवळ ये," तो म्हणाला.

"कशाला?"

"ये तर."

ती आली.

"हुंग."

तिने मूठभर गवत उचलून नाकाशी धरलं आणि श्वास आत ओढला. मग दोघं थांबली. अडलेल्या मेंढीजवळ थांबतात तशी, न बोलता, नजर न हलवता. सिग्वाल्दी तिच्या नाकाकडे बघत होता. कुत्री दारात एक पाय उचलून तयारीत उभी होती. काही झालं नाही.

"पुन्हा," सिग्वाल्दी म्हणाला.

तिने पुन्हा हुंगलं. खोल, अगदी डोक्यापर्यंत. मुंगी चालली नाही. नाक कोरडं होतं, मोकळं होतं, आयुष्यात कधी नव्हतं इतकं निरोगी होतं. कुत्रीने पाय खाली ठेवला.

"हं," सिग्वाल्दी म्हणाला. "म्हणजे गवतच होतं."

हाल्बेराच्या हातातलं गवत खाली पडलं. "तुला कधीपासून ठाऊक आहे?"

"घोडी गेली त्याच महिन्यात. तू त्या काळ्या मेंढीत तोंड घालून शिंकलीस. मी माळ्यावर होतो."

"आणि बोलला नाहीस."

"तू एवढी मेहनत घेत होतीस," तो म्हणाला. "फ्रीजरमध्ये वगैरे."

"अरे, इतके महिने ती घाण ओढू दिलीस मला."

"कंटाळा आलाय म्हणालीस." त्याने सुरी पुसून मिटली. "मला वाटलं, तुला मला कळू द्यायचं नसेल तर मला कळलेलं नसावं. पण मग मेमध्ये तुझं नाक बघितलं. आतून रक्त येत होतं. तिकडे तिची आयाळ गेली, इकडे हे. दोघींपैकी एकीचं तरी थांबवता येत होतं."

मेंढ्या गठ्ठ्यापाशी दाटीवाटीने घुसल्या. चवीतला फरक त्यांना कळला नाही, किंवा कळला तरी त्यांनी तक्रार केली नाही. दोघं बाजूला, रिकाम्या कप्प्याच्या आडव्या फळीला टेकून उभी राहिली. हाल्बेराच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. एरवी या गोठ्यात त्याला कारण शोधावं लागत नसे.

"शिंक आली का?" सिग्वाल्दीने विचारलं.

"नाही."

"बरं."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "तिच्याशी काय बोलायचास रे इतकं? भिंतीतून ऐकायची मी. शब्द कळायचे नाहीत."

सिग्वाल्दीने विचार केला. "तुझ्या नाकाचंच, बहुतेक," तो म्हणाला. "गोळ्या बदलून बघाव्यात का, शहरात न्यावं का. काय करावं म्हणून विचारायचो."

"मग ती काय म्हणायची?"

"ती काय म्हणणार," सिग्वाल्दी म्हणाला. "घोडी होती ती."

आणि सुरी पुन्हा उघडून तो उरलेलं प्लास्टिक कापायला वाकला.